एक छत्री, चार खोल्या: उपग्रह वाहिन्या घरभर कशा न्यायच्या?

गच्चीकर

दुमजली घर आहे. गच्चीवर ८० सेंटिमीटरची छत्री, तिला एकाच तोंडाचा युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसून सिग्नल पकडणारा आणि खाली पाठवणारा भाग), आणि तिथून एक केबल हॉलमधल्या सेट टॉप बॉक्सला. आता हॉल, वरच्या दोन बेडरूम आणि तळमजल्यावरची आजीची खोली अशा चार ठिकाणी टीव्ही हवेत. ज्याला जी हवी ती वाहिनी लावता आली पाहिजे. हॉलमध्ये जे चालू असेल तेच सगळीकडे दिसायला नको.

वायरिंगची स्थिती: भिंतीतून प्रत्येक खोलीला एकेक आरजी-६ (टीव्हीची कोऍक्स केबल) आधीच ओढलेली आहे आणि चारही केबल जिन्याखालच्या कपाटात येतात. कपाटातून गच्चीपर्यंत मात्र एकच केबल आहे, साधारण २२ मीटर. सगळ्यात लांबची खोली कपाटापासून १८ मीटरवर. गच्चीकडे जाणाऱ्या पाइपात आणखी तीन केबल मावणार नाहीत.

स्प्लिटर, चार तोंडांचा एलएनबी, मल्टिस्विच, एचडीएमआय स्प्लिटर, युनिकेबल अशी नावं कानावर आली आहेत. यातलं या घराला काय लागू पडेल, आणि का?

निळी फीत

कपाटात चार पायांचा स्प्लिटर लावा. एलएनबीची केबल आत, चार केबल बाहेर. एवढ्यासाठी डोकं शिणवायची गरज नाही.

पंचाहत्तर ओहम

निळी फीत, थांबा जरा. स्प्लिटरने सिग्नल वाटला जातो, हुकूम वाटला जात नाही. सगळी मेख तिथे आहे.

उपग्रहावरून केयू (Ku) बँडचा सिग्नल १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झमध्ये येतो. एवढी मोठी वारंवारता केबलमधून खाली आणणं परवडत नाही, म्हणून एलएनबी ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवतो. पण या जागेत सगळा पट्टा एका वेळी मावत नाही. म्हणून त्याचे चार तुकडे पाडलेत: उभं ध्रुवीकरण आणि आडवं ध्रुवीकरण (लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते), आणि दोन्हींचा खालचा नि वरचा पट्टा. एका क्षणी केबलवर यातला एकच तुकडा असतो.

कोणता तुकडा हवा ते बॉक्स सांगतो, त्याच केबलमधून. १३ व्होल्ट दिले तर उभं, १८ दिले तर आडवं. सोबत २२ किलोहर्ट्झचा सूर सोडला तर वरचा पट्टा, नाही सोडला तर खालचा. खालच्या पट्ट्यासाठी एलएनबीमधला ऑसिलेटर ९.७५ गिगाहर्ट्झचा, वरच्यासाठी १०.६ चा.

आता चार बॉक्स एकाच एलएनबीला स्प्लिटरने जोडले की काय होईल? हॉलमधला १८ व्होल्ट देतोय, आजीच्या खोलीतला १३. एलएनबीपाशी जास्तीचा व्होल्टेज पोचतो, म्हणजे १८ जिंकतो. आजीच्या बॉक्सला उभ्यातली वाहिनी हवी असते आणि येतं आडवं. सुराचंही तेच: एकाने सोडला की सगळ्यांना वरचा पट्टा. लक्षण अगदी ठरलेलं असतं. हॉलमध्ये कुणी वाहिनी बदलली की दुसऱ्या खोलीतलं चित्र जातं, पण सिग्नलच्या जोराची पट्टी भरलेलीच दिसते. जोर आहे, फक्त तो भलत्याच तुकड्याचा आहे. मग माणसं छत्री हलवत बसतात, आणि चांगली लागलेली छत्रीही बिघडते.

निळी फीत

हे मान्य. पण स्प्लिटरवर दोन-दोन टीव्ही नीट चालणारी घरंही आहेत. ती कशी?

पंचाहत्तर ओहम

बघायच्या सगळ्या वाहिन्या एकाच तुकड्यात असतील तर चालतात. काही सेवांच्या सर्व वाहिन्या एकाच ध्रुवीकरणावर आणि एकाच पट्ट्यात असतात. तिथे सगळे बॉक्स एकच हुकूम देतात, भांडण उरत नाही. हे तपासणं सोपं आहे. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे एका वारंवारतेवर येणाऱ्या वाहिन्यांच्या गठ्ठ्यांची, यादी असते. प्रत्येकापुढे वारंवारता आणि उभं (व्ही) की आडवं (एच) ते लिहिलेलं असतं. सगळी एकाच अक्षराची आणि ११.७ गिगाहर्ट्झच्या एकाच बाजूची असली, तर स्प्लिटर पुरे.

तरी स्प्लिटर निवडताना तीन गोष्टी बघा. त्याच्यावर २१५० किंवा २४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पल्ला छापलेला असावा. साध्या केबल टीव्हीचा १००० पर्यंतचा स्प्लिटर इथे निकामी, त्यातून वीजही वर जात नाही. दुसरं, वीज कोणत्या पायातून वर जाते ते. एकाच पायातून जात असेल तर त्या पायाचा बॉक्स भिंतीवरून बंद केला की घरभर अंधार. तिसरं, सगळे पाय वीज नेत असतील तर प्रत्येक पायात डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असावा, नाहीतर एका बॉक्सचे १८ व्होल्ट दुसऱ्या बॉक्सच्या तोंडात उलटे शिरतात.

सिग्नलही कमी होतो. दोन पायांच्या स्प्लिटरमध्ये कागदावर ३ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला त्याचं माप) जातात, या वारंवारतेला प्रत्यक्षात ४ ते ५. चार पायांच्यात कागदावर ६, प्रत्यक्षात ८ ते १०.

खटपट्या

मग सरळ चार तोंडांचा एलएनबी लावायचा. आत स्विच असतो, प्रत्येक तोंड स्वतंत्र, प्रत्येक बॉक्स आपला राजा. सगळ्यात कमी भानगड.

मधली तार

खटपट्या, कमी भानगड खरी, पण चार तोंडं म्हणजे चार केबल खाली. गच्चीकरांच्या पाइपात एकच आहे.

आणि खरेदी करताना एक घोळ नेहमी होतो, तो इथे लिहून ठेवतो. ‘क्वाड’ आणि ‘क्वाट्रो’ दिसायला सारखे, दोघांनाही चार तोंडं. क्वाडची चारही तोंडं एकसारखी, बॉक्सचा हुकूम ऐकणारी. क्वाट्रो कुणाचंच ऐकत नाही. त्याच्या प्रत्येक तोंडातून चारपैकी एक तुकडा कायमचा येतो. तो फक्त मल्टिस्विचसाठी, म्हणजे चारही तुकडे घेऊन प्रत्येक बॉक्सला हवा तो देणाऱ्या डब्यासाठी. क्वाट्रो थेट बॉक्सला जोडला तर पाव वाहिन्या लागतात आणि बाकीच्या काही केल्या सापडत नाहीत. ओळख सोपी: क्वाट्रोच्या तोंडांपाशी उभं-आडवं आणि खालचा-वरचा यांची अक्षरं कोरलेली असतात, क्वाडच्या तोंडांपाशी नसतात किंवा नुसते १-२-३-४ असतात.

उलटं मात्र चालून जातं. काही मल्टिस्विच स्वतः १३/१८ व्होल्ट आणि सूर तयार करतात, त्यांना क्वाडही जोडता येतो. मल्टिस्विचवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

प्राजक्त

मल्टिस्विचचे आकडे कसे वाचायचे? ५/८, ९/१६ असं लिहितात.

मधली तार

तिरक्या रेघेच्या आधी आत येणाऱ्या केबल, नंतर बाहेर जाणाऱ्या. ५/८ म्हणजे एका उपग्रहाचे चार तुकडे अधिक एक साध्या अँटेनाची केबल आत, आठ बाहेर. ९/१६ म्हणजे दोन उपग्रह (आठ तुकडे), एक अँटेना, सोळा बाहेर. दोन उपग्रहांतून निवडायला बॉक्सच्या मेनूत डायसेकचा (उपग्रह निवडायच्या हुकुमाचा) पर्याय ए की बी तो बरोबर ठेवावा लागतो. मल्टिस्विच छत्रीजवळ, सावलीत आणि कोरड्या जागी असावा. मग छत्री ते मल्टिस्विच या चार तुकड्यांच्या केबल २-३ मीटरच्या होतात आणि पुढे प्रत्येक खोलीला एकच. पण तेव्हाही गच्चीतून खाली चार केबल आल्याच.

चौकट

वेगळी बाजू मांडते. चार बॉक्स कशाला? एकच बॉक्स, एचडीएमआय स्प्लिटर, आणि प्रत्येक खोलीत कॅट-६ वरून चित्र. केबलचा प्रश्नच संपतो, वर्गणीचं एकच कार्ड पुरतं.

पंचाहत्तर ओहम

चौकट, तुमची रचना पक्की आहे, पण प्रश्नातल्या अटीत बसत नाही. एक बॉक्स म्हणजे एक वाहिनी. सगळ्यांना एकच सामना बघायचा असेल तर उत्तम. इथे ज्याला जे हवं ते, असं म्हटलंय.

चौकट

बरोबर, ते नजरेतून सुटलं. तरी ज्यांना एकच वाहिनी चालणार आहे अशा वाचकांसाठी तपशील देऊन ठेवते.

साध्या एचडीएमआय केबलवर ४के चित्र ५-७ मीटरच्या पुढे भरवशाचं नाही. लांबसाठी एचडीबेसटी एक्स्टेंडर घ्या. त्याला कॅट-६ लागते, पण ती नेटवर्कची केबल नव्हे. मध्ये राउटर किंवा नेटवर्क स्विच आला तर चालत नाही. टोकापासून टोकापर्यंत अखंड हवी. मधल्या प्रतीच्या एक्स्टेंडरला १०८०पीसाठी ७० मीटर आणि ४केसाठी ४० मीटर धरून चाला.

दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली, स्प्लिटर सगळ्या टीव्हींची क्षमता वाचून बॉक्सला सांगतो. चारपैकी एक टीव्ही जुना ७२०पीचा असेल तर चारही ठिकाणी ७२०पी. स्प्लिटरवर ईडीआयडीची (टीव्हीच्या क्षमतेच्या माहितीची) बटणं असतील तर कोणत्या टीव्हीचं ऐकायचं ते ठरवता येतं, म्हणून बटणं असलेलाच घ्या. दुसरी, एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारी सुरक्षा. बॉक्स तिची २.२ आवृत्ती मागत असेल आणि साखळीतलं एखादं यंत्र १.४ चं असेल तर तिथे काळा पडदा किंवा बर्फासारखे ठिपके. साखळीतली सगळी यंत्रं २.२ ची हवीत.

रिमोटसाठी आयआर (रिमोटचा अदृश्य किरण) परत पाठवावा लागतो. बेडरूममध्ये डोळा, बॉक्ससमोर छोटा एलईडी. हा एलईडी बॉक्सच्या काचेवर नेमक्या सेन्सरवर चिकटवावा लागतो. सेन्सर कुठे ते शोधायला अंधारात मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा, आत काळसर गोल मणी दिसतो. एलईडी एका बोटाने चुकला तर रिमोट कधी चालतो, कधी नाही, आणि दोष सेलवर जातो.

निळी फीत

वाचनखूण साठवली. टॉर्चची युक्ती नवीन आहे.

खटपट्या

बॉक्सच्या मागे ‘लूप आउट’ असतं. त्यातून दुसऱ्या बॉक्सला केबल देता येते ना?

मधली तार

येते, पण दुसरा बॉक्स पहिल्याचा बांधील. पहिला चालू असेल तेव्हा दुसऱ्याला पहिल्याने निवडलेल्या तुकड्यातलंच दिसतं. पहिला झोपला की काही बॉक्स दुसऱ्याचा हुकूम वर जाऊ देतात, काही गाढ झोपेत तोही रस्ता तोडतात. चार खोल्यांसाठी हा रस्ता नाही.

पंचाहत्तर ओहम

आता गच्चीकरांच्या घराला जे खरोखर बसतं त्याकडे येतो: युनिकेबल, म्हणजेच एससीआर. मानक ईएन ५०४९४, २००७ चं. वर एकच केबल आहे ही तुमची अडचण, आणि ही पद्धत नेमक्या त्याच अडचणीसाठी जन्माला आली.

यात एलएनबी आपला पूर्ण तुकडा खाली पाठवत नाही. प्रत्येक बॉक्सला केबलवर एक ठरावीक खिडकी दिलेली असते. चार खिडक्यांच्या एलएनबीत त्या बहुधा १२१०, १४२०, १६८० आणि २०४० मेगाहर्ट्झवर असतात. बॉक्स वर निरोप पाठवतो: अमुक ध्रुवीकरण, अमुक पट्टा, अमुक ट्रान्सपॉन्डर, माझ्या खिडकीत टाक. एलएनबी तेवढा एक ट्रान्सपॉन्डर उचलतो आणि त्या खिडकीत ठेवतो. चार बॉक्स, चार खिडक्या, एक केबल. या मानकात एका केबलवर आठ बॉक्सपर्यंत जाता येतं, पुढच्या ईएन ५०६०७ मध्ये बत्तीसपर्यंत.

काम असं करा. गच्चीवरचा एलएनबी काढून चार किंवा जास्त खिडक्यांचा युनिकेबल एलएनबी बसवा. काढण्याआधी जुन्याचा तिरकेपणा, म्हणजे स्क्यू, मार्करने पट्टीवर खूण करून ठेवा. नवीन त्याच कोनात बसवा. कपाटात चार पायांचा स्प्लिटर, सगळ्या पायांतून वीज जाणारा आणि डायोड असलेला. इथे स्प्लिटर चालतो, कारण आता हुकूम व्होल्टेजच्या भांडणावर ठरत नाही. मग एकेका बॉक्सच्या अँटेना मेनूत युनिव्हर्सलच्या जागी युनिकेबल किंवा एससीआर निवडा आणि खिडकीचा क्रमांक व वारंवारता दोन्ही भरा. एलएनबीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला क्रमांक-वारंवारतेचा जोडच भरायचा. काही बॉक्स शून्यापासून मोजतात, काही एकपासून, म्हणून वारंवारता जुळतेय का ते शेवटी बघा. त्या चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवा. नंतर छत्रीवर चढून वाचणं नको.

बॉक्स एकेक करून चालू करा. पहिला पूर्ण चालला की दुसरा. सगळे एकदम जोडले आणि काहीतरी अडलं तर दोष कुठे ते कळणार नाही.

प्राजक्त

दोन बॉक्सना चुकून एकच खिडकी दिली तर?

पंचाहत्तर ओहम

दोघं एकमेकांची वाहिनी पळवतात. एकाने बदललं की दुसऱ्याचं चित्र तुटतं, मग दुसरा पुन्हा मागतो, पहिल्याचं तुटतं. प्रत्येक बॉक्सखाली त्याच्या खिडकीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. बॉक्स फॅक्टरी रिसेट झाला की तो सेटिंग विसरतो, तेव्हा हीच चिठ्ठी कामाला येते.

त्याहून मोठा दोष म्हणजे साध्या सेटिंगवर राहिलेला बॉक्स. युनिकेबलमध्ये लाइन एरवी १३-१४ व्होल्टवर असते, निरोप पाठवण्यापुरतीच बॉक्स ती १८ वर नेतो. एखादा बॉक्स युनिव्हर्सलवर राहिला आणि आडव्या वाहिनीसाठी १८ धरून बसला, तर बाकीच्यांचे निरोप वर पोचतच नाहीत. चालू वाहिनी दिसत राहते, पण कुणालाच बदलता येत नाही. असं दिसलं की आधी तो एक बॉक्स शोधा. रिसेटनंतर हे नेहमी होतं.

तांबट

केबलबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. बहुतेक वेळा एलएनबी निर्दोष असतो आणि केबल किंवा जोड दोषी.

आरजी-६ मध्ये ९५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे २० डीबी जातात, २१५० ला सुमारे ३०. म्हणजे गच्चीकरांच्या लांबच्या खोलीला, २२ अधिक १८ असे ४० मीटर, वरच्या टोकाला १२ ते १३ डीबी. स्प्लिटरचे १० धरा. एलएनबीच्या तोंडाशी ७५ डीबी मायक्रोव्होल्ट धरले तर बॉक्सपाशी ५२ च्या आसपास. बॉक्सला साधारण ४७ ते ७७ चालतात. बसतंय, पण फार मोकळं नाही. म्हणून खिडक्या वाटताना १२१० ची सगळ्यात लांबच्या खोलीला द्या आणि २०४० ची कपाटाजवळच्या खोलीला. १८ मीटरच्या तुकड्यात एवढ्यानेच एक-दीड डीबी वाचतात, आणि फुकट.

आता विजेचं. बाजारातल्या बऱ्याच आरजी-६ ची मधली तार पोलादाची असते, वर तांब्याचा मुलामा. उच्च वारंवारता पृष्ठभागावरून जाते, म्हणून सिग्नलला फरक पडत नाही. वीज मात्र पूर्ण जाडीतून जाते, आणि पोलाद तिला अडवतं. ४० मीटरला पोलादी तारेचा रोध ४ ओहमच्या आसपास, शुद्ध तांब्याचा एका ओहमच्याही आत. युनिकेबल एलएनबी २०० मिलिअँपिअरच्या वर खातो. म्हणजे पोलादी तारेत पाऊण-एक व्होल्ट गळतो, डायोडमध्ये आणखी अर्धा-पाऊण. बॉक्सने दिलेले १८ एलएनबीपाशी १६ च्या आसपास पोचतात. आधीच कमी व्होल्ट देणारा बॉक्स असेल तर निरोप अडखळतात. गच्चीची २२ मीटरची केबल बदलायची वेळ आलीच तर शुद्ध तांब्याची घाला. ओळखायला केबलच्या टोकाच्या उघड्या तारेला छोटं चुंबक लावा. चिकटलं तर आत पोलाद.

मधली तार

चुंबकाच्या चाचणीला +१.

जोडांबद्दल माझी भर. पिळून बसवायचे एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आतल्या खोलीतही नकोत. कॉम्प्रेशनचेच वापरा, त्याचं हत्यार एकदा घेतलं की झालं. केबल सोलताना बाहेरचं आवरण आणि आतलं पांढरं इन्सुलेशन दोन टप्प्यांत कापा. जाळीचे (इन्सुलेशनभोवती विणलेल्या बारीक तारांचे) केस मागे, आवरणावर दुमडा. आता थांबा आणि उजेडात बघा: पांढऱ्या इन्सुलेशनच्या कडेशी जाळीचा एखादा केस मधल्या तारेकडे वळलाय का. केसाएवढीच बारीक तार, पण ती टेकली की १८ व्होल्टचा शॉर्ट, आणि बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ असा संदेश देतो. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट यायला हवं आणि मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २ मिलिमीटरच्या आसपास. कमी असेल तर जोड सुटा राहतो, जास्त असेल तर एलएनबीच्या आतली कळ वाकते. हाताने घट्ट करून मग पान्ह्याने एक षष्ठांश फेरा, बस.

जोडण्याआधी मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यातला रोध बघा. दोन्ही टोकं मोकळी असताना अनंत दाखवला पाहिजे. मग एक टोक तारेने जोडून दुसऱ्या टोकाला मोजा, तांबटांनी दिलेला रोध तिथेच समजतो.

तांबट

आणि पाणी. एलएनबीपाशी केबल सरळ वरून आत जाऊ देऊ नका. आधी खाली लोंबता फेरा द्या, म्हणजे थेंब फेऱ्याच्या तळाशी गळतात. जोडावर स्वतःच वितळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. सिलिकॉनचे काही प्रकार सुकताना आम्ल सोडतात आणि तांबं खातात, त्यामुळे जोडावर ते नको. केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की जाळीतून झिरपत खूप आतपर्यंत जातं आणि ती केबल वाळवून भागत नाही. टोकाची जाळी काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत या. लागलंच नाही तर केबल बदला.

खटपट्या

सिग्नल कमी असेल तर कपाटात अॅम्प्लिफायर लावला की झालं ना?

तांबट

कपाटात नाही. लावायचाच तर छत्रीजवळ, केबल सुरू होते तिथे. सिग्नल २२ मीटर झिजून गोंगाटाच्या, म्हणजे नको असलेल्या खरखरीच्या, जवळ आल्यावर वाढवला तर गोंगाटही तेवढाच वाढतो. जोराची पट्टी वर जाते, गुणवत्तेची आहे तिथेच राहते. ८पीएसके आणि ३/४ एफईसी (सिग्नल बांधायची पद्धत आणि चूकदुरुस्तीचं प्रमाण) असलेल्या डीव्हीबी-एस२ वाहिनीला सिग्नल गोंगाटापेक्षा ८ डीबीने वर लागतो. त्याखाली चौकोन पडायला लागतात, आणखी थोडं खाली चित्रच नाही. पावसात जाणारी वाहिनी अॅम्प्लिफायरने टिकत नाही. तिथे छत्रीचा नेम सुधारा किंवा छत्री मोठी करा. आणि युनिकेबलच्या लाइनवर साधा अॅम्प्लिफायर नकोच, तो निरोपांच्या आड येतो.

प्राजक्त

इतर वाहिन्या बिनतक्रार आणि दोन-चारच वाहिन्या अधूनमधून तुटतात, हे कशामुळे? पाऊस नसतानाही.

पंचाहत्तर ओहम

घरात बिनतारी लँडलाइन फोन आहे का बघा. डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि केबलवरचा उपग्रह सिग्नलही तिथूनच जातो. साध्या एलएनबीत वरच्या पट्ट्यात हे १२.४८ ते १२.५० गिगाहर्ट्झचे ट्रान्सपॉन्डर, खालच्या पट्ट्यात ११.६३ ते ११.६५ चे. फोनचा तळ बॉक्सपासून दूर ठेवा आणि भिंतीतल्या सॉकेटपासून बॉक्सपर्यंतची छोटी तयार केबल बदला. पातळ जाळीची ती एक मीटरची केबलच बहुधा गुन्हेगार असते.

चौकट

सॅट-आयपीचा उल्लेख राहिला. एसईएस या उपग्रह कंपनीने २०१२ मध्ये ती आणली. सर्व्हर छत्रीजवळ सिग्नल घेतो आणि घरच्या नेटवर्कवर पाठवतो. खोलीत कोऍक्स लागतच नाही.

पंचाहत्तर ओहम

मोफत वाहिन्यांसाठी सुंदर. पण सर्व्हर कूटबद्ध वाहिनी उघडत नाही, ती तशीच पुढे ढकलतो. उघडायचं काम टोकाच्या यंत्राने करायचं. ज्या बॉक्सला फक्त केबलचं तोंड आहे त्याला हा प्रवाह देताच येत नाही. गच्चीकरांच्या बॉक्सना उपयोग नाही.

ज्यांना उपयोग आहे त्यांनी एचडी वाहिनीमागे ८ ते १५ मेगाबिट धरावेत आणि टीव्हीपर्यंत तार न्यावी. वायफायवर एकही पाकीट हरवलं की चित्रात चौकोन. मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना) वापरत असाल तर नेटवर्क स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्याच्याच तारेत प्रवाह सोडणारी सोय) चालू हवं, नाहीतर एका खोलीतला प्रवाह घरभर सगळ्या तारांतून वाहतो आणि वायफाय गुदमरतं.

गच्चीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही बॉक्सचे मेनू तपासले. तिघांत एससीआर आहे, १२१० पासून चारही वारंवारता भरता येतात. चौथा, आजीच्या खोलीत जाणारा, जुना आहे. त्यात फक्त युनिव्हर्सल. ट्रान्सपॉन्डर दोन्ही ध्रुवीकरणांचे आहेत, म्हणजे साध्या स्प्लिटरचा विषय संपला. आजीच्या खोलीची बाहेरची भिंत थेट गच्चीखाली येते.

मधली तार

मग सोपं आहे. असे एलएनबी मिळतात ज्यांना एक युनिकेबलचं तोंड आणि सोबत एक-दोन साधी तोंडं असतात. तो घ्या. युनिकेबलचं तोंड पाइपातल्या केबलला, आणि साध्या तोंडातून एक स्वतंत्र केबल बाहेरच्या भिंतीवरून थेट आजीच्या खोलीत. जुना बॉक्स युनिव्हर्सलवर जसा आहे तसा राहील. तो युनिकेबलच्या लाइनवर नसल्यामुळे त्याचे १८ व्होल्ट कुणाच्या आड येणार नाहीत.

बाहेरची केबल काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची घ्या. पांढरं पीव्हीसी उन्हात तडकतं. वळणाची त्रिज्या ७ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं पाडा, म्हणजे पाणी आत येणार नाही.

तांबट

छत्रीचा खांब आणि दोन्ही केबलची जाळी घराच्या अर्थिंगला जोडा, केबल घरात शिरते तिथे अर्थिंगचा ठोकळा लावून. वेगळा खुंटा ठोकून तो घरच्या अर्थिंगपासून सुटा ठेवू नका. दोन अर्थिंगमधला फरक मग बॉक्स आणि टीव्हीमधून वाट काढतो. याने थेट पडणारी वीज अडत नाही, पण साचणारा भार उतरतो.

गच्चीकर

कपाटातल्या स्प्लिटरचा चौथा पाय आता रिकामा राहील. तो तसाच उघडा ठेवला तर चालेल का?

पंचाहत्तर ओहम

बंद करा. उघड्या पायावरून सिग्नल परत उलटतो आणि बाकीच्या पायांत काही वारंवारतांना खड्डे पडतात. ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा, पण डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देऊन वीज अडवणारी सोय) असलेलंच. साधं टर्मिनेटर म्हणजे मधल्या तारेपासून जाळीपर्यंत नुसता ७५ ओहमचा रोधक. स्प्लिटरमध्ये डायोड नसेल तर त्याच्यावर थेट १८ व्होल्ट येतात, म्हणजे चार वॅटच्या वर उष्णता, आणि तो चिमुकला रोधक पाव वॅटचा. डायोड आहेत असं स्प्लिटरवर छापलेलं असलं तरी लावण्याआधी एक बॉक्स चालू ठेवून रिकाम्या पायावर मल्टिमीटर धरा. तिथे व्होल्टेज दिसला तर टर्मिनेटर नव्हे, आधी स्प्लिटर बदला.